मागच्या खोलीचा ताबा

१

टेलरताईच्या तोंडात टाचण्या असल्या की ती बोलत नसे, नुसती मान हलवायची. त्यामुळे लिलावमामा दुकानात आला की बोलणं त्याचं आणि मान हिची, असा दोघांचा छान जमलेला कारभार होता.

हा मामा तसा कोणाचाच मामा नव्हता. कर्ज थकलेल्या लोकांची घरं कोर्टातर्फे लिलावात निघतात, तिथे तो दर आठवड्याला पहिल्या बाकावर. स्वतः आयुष्यात एक बोली लावली नाही; दुसऱ्यांना सल्ले द्यायचे आणि त्यावर पोट भरायचं. त्या दिवशी त्याची पँट कमरेत सैल करायला आली होती आणि दुसरी पँट काही त्याने आणली नव्हती. त्यामुळे पडद्यामागे टॉवेल गुंडाळून तो स्टुलावर बसला होता आणि तिथूनच व्याख्यान चालू होतं.

"तळमजल्यावरचं घर पाहिजे ना ताई तुम्हाला? आलंय एक. कोर्टाने ठरवलेल्या किमतीच्या खाली बोली घेत नाहीत. तीन वार पुकारलं की चौथा हिस्सा तिथल्या तिथे भरायचा, उरलेले पंधरा दिवसांत. नाही भरले तर पहिले बुडाले. मग महिनाभर थांबायचं, कोणी हरकत घेतंय का बघायचं. नाही घेतली की विक्रीचा दाखला तुमच्या हातात."

ताईने मान हलवली.

"आणि घर जसं आहे तसं. आतून बघायला मिळणार नाही. बाहेरून फेरी मारा, भिंती बघा, पण एक करायचं नाही. दाराशी जाऊन कोणाशी बोलायचं नाही."

ताईने टाचण्या काढल्या. "का बरं?"

"आत जुनं कोणी राहत असतं. तुमचा स्वभाव असा. दया येते आणि बोलून जाता, राहा हो म्हणून. तोंडी दिलेली असली तरी परवानगी ती परवानगीच. मग वर्षं जातात माणूस निघायला. पँट झाली का?"

घराची निकड तिला नव्हती, तिच्या बाबांना होती. बाबा सुतार. पन्नास वर्षं लाकडात काढली, मग हळूहळू दोन्ही डोळे गेले. बापलेक तिसऱ्या मजल्यावर भाड्याच्या दोन खोल्यांत राहत आणि चौदा महिन्यांत बाबा एकदाही जिना उतरले नव्हते. खिडकीशी बसून ते खालच्या रस्त्याचे आवाज ऐकत. धाकटा भाऊ परगावी होता. तो फोनवर म्हणायचा, "ताई, तुला झेपत नाहीये ते. चांगला वृद्धाश्रम बघून ठेवलाय मी." त्यावर ती जे बोलायची ते काही चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

२

सुट्टीच्या दिवशी दुपारी ती घर बघायला गेली. बैठ्या घरांची रांग होती आणि हे अगदी टोकाचं. पुढे दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे आणखी एक खोली. दारावर कोर्टाचा कागद डकवलेला होता, उन्हाने पिवळा पडलेला, आणि खाली कुलूप; राहणारं कोणी असलंच तर मागून येत-जात असेल, असं तिला वाटलं. तिने भिंतीला हात लावून बघितला, छपराकडे बघितलं आणि बाजूच्या बोळातून मागे गेली.

मागच्या खोलीची खिडकी बंद होती. आतून खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. मग खोकला. म्हाताऱ्या बाईचा, कोरडा.

ताई जागच्या जागी थांबली. आतला आवाजही थांबला. कोणीतरी खिडकीच्या पलीकडे कान देऊन उभं आहे, हे तिला न बघताच समजलं. तिनेही आयुष्यभर हेच केलं होतं. घरमालकाची पावलं जिन्यावर वाजली की दाराला कान लावायचा आणि पावलं पुढे जाईपर्यंत श्वास धरायचा.

"काकू," ती खिडकीला तोंड लावून म्हणाली, "घाबरू नका हं. घर मी घेतलं तरी तुम्हाला कोणी रस्त्यावर काढणार नाही. तुमची सोय लागेपर्यंत खुशाल राहा."

मग आत कोणीतरी लांब सुस्कारा सोडला आणि खुर्चीत बसलं. खुर्ची करकरली.

निम्म्या वाटेवर आल्यावर तिला मामाचं बोलणं आठवलं. तिने जीभ चावली. पण बोललं ते बोललं, आणि तिला त्याचं वाईटही वाटत नव्हतं.

३

लिलावात तिच्याशिवाय दोघंच बोली लावणारे होते. एकाने दुसऱ्या बोलीलाच नको म्हणून मान हलवली, दुसरा बाहेर जाऊन फोनवर बोलत बसला तो आलाच नाही. एक वार, दोन वार, तीन वार. ताईचा हात वर होता तो तिला खाली घ्यायचंच सुचेना. शेवटी मामाने धरून खाली घेतला. तिने आईचे दागिने, बाबांची शिल्लक, दुकानातलं एक मशीन, सगळं सगळं त्या घरात घातलं. महिना गेला. हरकत कोणीच घेतली नाही.

"बाबा, तळमजला," तिने सांगितलं. "दारातून बाहेर पाऊल टाकलं की रस्ता."

बाबांनी तिचा हात शोधून घट्ट धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

४

ताबा द्यायला कोर्टाचा बेलिफ आला. घामाघूम, चष्मा कपाळावर. सोबत दोन पंच आणि एक कुलूपवाला. दाराला गंजकं कुलूप आणि त्यावर लाखेचं सील.

बेलिफ दारासमोर उभा राहून ओरडला, "आत कोणी असेल तर बाहेर या!" थोडं थांबून पुन्हा. मग तिसऱ्यांदा.

"जरा हळू बोला हो," ताई म्हणाली. "आत एक आजी आहेत. बिचाऱ्या घाबरतील."

बेलिफने चष्मा डोळ्यांवर घेतला. "कोण आजी? बाई, हे सील माझ्या हातचं आहे. दोन वर्षं झाली. इथे एक म्हातारीच राहायची, मुलाने घर गहाण टाकलेलं. त्याने बाईला सांगितलंसुद्धा नव्हतं. एक दिवस दवाखान्यात नेली ती तिथेच गेली. मग मी येऊन सील लावलं. तीनदा ओरडायचं ते आपलं कायद्यासाठी."

"पण मी आवाज ऐकला."

"शेजारी भिंत एकच आहे," बेलिफ म्हणाला. "इकडचं तिकडे ऐकू येतं."

ते खरंच होतं. शेजारी कोणीतरी तेवढ्यात भांडं आपटलं आणि ते याच घरात आपटल्यासारखं वाजलं. ताईचा जीव भांड्यात पडला.

पुढचं दार खांदा लावून उघडावं लागलं. मधलं दार दोघांनी मिळून ढकललं. स्वयंपाकघराचं दार तर खालून तासावं लागणार होतं. दोन वर्षांत सगळं लाकूड फुगून बसलं होतं, जमिनीवर धूळ एवढी की पावलं उमटत होती. मागच्या खोलीशी आल्यावर कुलूपवाल्याने सवयीने खांदा पुढे केला आणि तोल जाऊन आत पडता पडता वाचला. ते दार बोटाने ढकलावं तसं उघडलं.

आत लोखंडी पलंग, भिंतीतलं कपाट, खिडकीशी खुर्ची. बेलिफ पंचनामा लिहू लागला. "पलंग एक. खुर्ची एक. इसम कोणी नाही." पंचांनी सह्या केल्या, ताईने केली. सही करताना तिचं लक्ष खुर्चीकडे गेलं. सगळ्या खोलीत धूळ होती. खुर्चीच्या बैठकीवर नव्हती. मांजर येऊन बसत असेल, ती स्वतःला म्हणाली. खिडकी तर आतून बंद होती, पण ते तिने मनावर घेतलं नाही.

५

दोन हमालांनी बाबांना खुर्चीत बसवून तीन जिने उतरवलं. "राजा निघालाय माझा!" ताई मागून ओरडत होती आणि डोळे पुसत होती.

नव्या घरात बाबांनी पहिलं काम काय केलं, तर दारं तपासली. सुताराचे हात ते. चौकटीवरून तळवा फिरवायचे, बोटाने टिचकी मारायचे. "हे साग आहे. हे दार फुगलंय, रंधा मारायला हवा. हेही फुगलंय." असं करत ते मागच्या खोलीशी पोचले. दार हलवलं, पुन्हा हलवलं. बिजागरीवरून बोट फिरवलं.

"हे कोण वापरतं गं?"

"कोणी नाही बाबा. दोन वर्षं बंद होतं घर."

"बंद? छे. या बिजागरीला रोज काम आहे. कडा कशी गुळगुळीत झालीय बघ. कालसुद्धा फिरलीय ही."

"तेल घातलं असेल कोणी."

बाबांनी बोटं नाकाशी नेली. "तेल नाही," ते म्हणाले, आणि विषय सोडून दिला.

संध्याकाळी ताई स्वयंपाकघरात नळाशी होती. बाबा एकटेच बाहेरच्या खोलीतून चालत आले. काठी नाही, चाचपडणं नाही. मधल्या दाराशी उंबऱ्यासारखी एक उंच पट्टी होती, तिच्यावर ठेचकाळून ताई स्वतः सकाळी दोनदा पडता पडता राहिली होती. बाबांनी पाय उचलला आणि बरोबर पलीकडे टाकला.

"अहो बाबा! कसं काय जमलं?"

"सांगितलंस ना तू, पाय उचला म्हणून."

नळ धोधो चालू होता. ताई काही बोलली नव्हती.

६

पहिले काही आठवडे, खरं सांगायचं तर, फार सुखाचे गेले. बाबा रोज पुढच्या दारात उभे राहत, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलत. त्यांचं हसणं परत आलं. भावाला फोनवर ताईने ते हसणं ऐकवलंसुद्धा. बाबा मागच्या खोलीत जास्त बसायचे आणि स्वतःशी बोलायचे. म्हातारी माणसं बोलतात. फक्त मधेमधे थांबायचे, ते समोरचा बोलून होईपर्यंत थांबावं तसे.

मग एक दिवस सकाळी ताईने बघितलं, बाबांच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण लावलेलं होतं.

आता बाकी कशात नसेल, पण टाक्यात ताईला कोणी फसवू शकत नव्हतं. तीस वर्षं तिने लोकांचे टाके उसवले होते. टाका बघून ती सांगायची, हे कुठल्या टेलरचं, हे घरी शिवलेलं, हे रडत शिवलेलं. बटणाचा दोरा जुना होता, पिठूळ झालेला, ओढला तर तुटेल असा. गाठ वरच्या बाजूला मारलेली. ताई जन्मात वरून गाठ मारत नाही. टाके बारीक, जवळजवळ, काळजीने घातलेले.

"बाबा, बटण कोणी लावलं?"

"त्यांनी."

"कोण त्यांनी?"

"अगं, आतल्या. एकट्या असतात दिवसभर. तू दुकानात जातेस, तुला काय कळणार!"

शेजारीण येऊन गेली असेल, असं ताईने ठरवलं. दुपारी शेजारणीला विचारलंही. शेजारणीने कानांवर हात ठेवले.

पुढे बाबांनी बिछाना तिकडे हलवला. "पलंग रिकामाच आहे, निजा म्हणाल्या. त्यांना खुर्ची पुरते." ताईने समजावलं, चिडली, शेवटी रडलीसुद्धा. बाबा ऐकेनात. जेवायला हाक मारली की आतून उत्तर यायचं, "झालं माझं." ताट तसंच राहायचं. बाबांचे गाल आत गेले. सदरा सैल पडला आणि दुसऱ्या दिवशी तो दोन्ही बाजूंनी आत घेतलेला होता, तशाच बारीक टाक्यांनी.

डॉक्टर येऊन गेले. वयाचं आहे म्हणाले.

आणि एका दुपारी ताई दुकान लवकर बंद करून आली. मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. तिने बाहेरून हळूच हाक मारली, "बाबा?"

आतलं बोलणं थांबलं. मग बाबांचा आवाज आला, दबका, कोणाला तरी सावध करणारा. "गप्प राहा जरा. घरमालकीणबाई आल्यात वाटतं."

ताई तिथेच भिंतीला टेकून खाली बसली. आत दोघं श्वास धरून होती. तो दोघांचा धरलेला श्वास तिला स्पष्ट ऐकू येत होता.

७

"निघत नाही ना बाई?" मामा म्हणाला. "सांगितलं होतं की नाही मी?"

ताईने त्याला एवढंच सांगितलं होतं, की आपण राहा म्हटलं आणि आता मागच्या खोलीतलं माणूस निघत नाही. पुढचं सांगितलं असतं तर त्याने तिलाच दवाखान्याची वाट दाखवली असती.

"तुमच्या बाबांना त्रास आहे का तिचा?"

"बाबा मला विसरायला लागलेत, मामा. तिच्यापायी." ताई म्हणाली. "मी त्यांच्यासाठी घर घेतलं आणि ते माझ्याकडे राहतच नाहीत. त्या बाईकडे राहतात. माझे बाबा मला परत पाहिजेत."

मामा नेहमीसारखं काही थट्टेचं बोलला नाही. त्याने खिशातून कागद काढला आणि कोर्टाच्या भाषेत चार ओळी लिहून दिल्या. "परवानगी तोंडी दिली, तर तोंडी काढूनही घेता येते. दिवसाउजेडी दाराशी उभं राहायचं आणि हे शब्दन् शब्द वाचायचं. आपलं काही घालायचं नाही, यातलं काही गाळायचं नाही."

ताईने वाचलं. "हे काय? 'आपण व आपल्या आसऱ्याने या जागेत राहणारे सर्व'?"

"ते तर महत्त्वाचं. नाहीतर काय होतं, बाई निघते आणि तिने ठेवून घेतलेले पाहुणे ठाण मांडून बसतात. तिच्या जोरावर जे राहतात ते सगळे एका दमात निघायला हवेत. आदेशात नेहमी असंच लिहितात."

ताईने कागदाची घडी घालून ब्लाउजात ठेवली. तिच्या डोक्यात एकच होतं, की म्हातारी जायला हवी.

८

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला तिने बाबांना गोड बोलून पुढच्या खोलीत आणलं. दारातून ऊन येत होतं, तिथे खुर्चीत बसवलं. हातात चहाचा कप दिला. बाबांनी तोंड उन्हाकडे केलं. "बरं वाटतंय," ते म्हणाले. त्यांनी तिला नावाने हाक मारली नाही, पण मालकीणबाईही म्हटलं नाही, आणि तेवढ्यानेच ताईला केवढी आशा वाटली.

मग ती आत गेली. मागच्या खोलीचं दार बंद होतं. तिने कागद उघडला.

"मी दिलेली परवानगी," ती वाचू लागली, "या क्षणापासून काढून घेत आहे. आपण व आपल्या आसऱ्याने या जागेत राहणारे सर्व यांनी, आपापल्या चीजवस्तूंसह, ही जागा सोडून जावी."



मग आत खुर्ची सरकली. कपाटाचं दार उघडलं. काहीतरी काढून पलंगावर ठेवल्याचा आवाज, आणखी काहीतरी, फार थोडं. चादर झटकली, घडी घातली. कोणीतरी एकदाच नाक ओढलं. ताईला इतकी लाज वाटली की तिने कागद तोंडावर धरला आणि ती भिंतीकडे वळली. "माफ करा काकू," ती पुटपुटली. "माझा इलाज नाही."

दार उघडलं. मागून गार झुळूक गेली आणि कापूस आणि जुन्या दोऱ्याचा वास आला. पावलं हळूहळू पुढे निघाली. स्वयंपाकघर, मधली खोली. बाहेरच्या खोलीशी पावलं थांबली. थांबून होती. कोणीतरी कोणाची तरी वाट बघत थांबावं तशी.

मग पावलं पुन्हा सुरू झाली, आणि आता ती दोघांची होती. दुसरी चाल ताईला पाठ होती. डावी टाच जराशी ओढत चालायची. लहानपणी ती टाच जिन्यावर वाजली की ती दार उघडायला धावायची.

"बाबा!"

ती धावत पुढे आली. बाबा खुर्चीत होते. मान एका बाजूला, तोंड उन्हाकडे. कप मांडीत कलंडला होता आणि चहा सदऱ्यावर सांडला होता, तो त्यांना भाजत कसा नव्हता ते विचारायची गरज नव्हती.

समोरचं दार सताड उघडं. ताई खुर्चीपाशी थांबली नाही. ती तशीच दारात गेली.

रस्ता उन्हाने भरलेला होता. वळणावर दोघं पाठमोरी चालली होती. एक बाई, वाकलेली, काखेत लहानसं गाठोडं. शेजारी सैल सदऱ्यातला माणूस, तिचा कोपर धरून, बिनकाठीचा, ताठ.

"तुम्हाला नाही!" ताई ओरडली. "बाबा, तुम्हाला नाही म्हटलं मी! घर तुमचंच आहे! बाबा, परत या!"

माणूस थांबला. वळून त्याने घराकडे बघितलं, दाराकडे, मग तिच्याकडे. इतक्या लांबूनही ताईला कळलं, की त्याला आता सगळं स्वच्छ दिसतंय.

त्याने अदबीने मान लववली, जागा सोडून जाणाऱ्या माणसाने मालकिणीला लववावी तशी, आणि तो बाईला सांभाळत वळणापलीकडे गेला.